घ की ध?

मी उपयोजित कलेची विद्यार्थिनी. ‘म्हणजे पाट्या रंगवणार का गं?’ असे आमचे नाना विचारतात. विचारोत बापडे!

रुबिनने १९१५ साली छापलेले चित्र वर्गात पाहिले. एकदा फुलदाणी दिसते, एकदा समोरासमोर दोन चेहरे. दोन्ही एकदम मात्र दिसत नाहीत. डोळा नुसता पाहत नाही, निवडतो! तेव्हापासून काळ्या रेघांपेक्षा अक्षरांच्या पोटातली पांढरी जागाच मला अधिक दिसते. संगणकावरचा ‘मंगल’ टंक घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) माझे दैवत.

आजीला मोतीबिंदू. घ-ध सारखेच दिसतात, म्हणून तिने वर्तमानपत्र सोडले. तिच्यासाठी मोकळ्या पोटाची अक्षरे घडवायची आहेत. काल सातवा ‘ध’ काढला. कागद लांब धरून ती म्हणाली, ‘हा ध. पण शेजारचा भ की म, ते सांग.’