तांबडीचा दाणा

तांबडी दिवसभर चारचौघींसारखीच असायची. उकिरडा उकरायची, गोठ्यातले किडे टिपायची, दुपारी राखेत लोळून अंग माखून घ्यायची. तिचं वेगळेपण दिसायचं ते दिवस मावळताना. बाकीच्या कोंबड्या अंधारून आलं की मुकाट खुराड्यात शिरत. तांबडी मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहायची. घरच्या सुनेनं खाली बसून तळहात पुढं करायचा, त्यावरचे चार दाणे तिनं टिपायचे, मगच स्वारी खुराड्याकडं वळायची. दुसऱ्या कुणी हात पुढं केला तर मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायची आणि जागची हलायची नाही.

ही सवय लागली ती पहिल्यांदा खुडूक बसली तेव्हा. कोंबडीला अंडी उबवायला २१ दिवस लागतात आणि त्या दिवसांत ती घटकाभरापलीकडं अंड्यांवरून उठत नाही. तांबडी तर तेवढीही उठेना. सून ओंजळीत दाणे घेऊन तिच्यापाशी जायची. पिल्लं निघाली, मोठी झाली, पण तिचा तळहातावरचा हक्क कायम राहिला.

घर माणदेशातलं. तिथं रोजचं जेवण ज्वारीच्या नाहीतर बाजरीच्या भाकरीचं. गहू निघायचा तो सणाला, पाहुण्यारावळ्याला. त्यामुळं सुनेला गहू चालत नाही याचा कुणाला जाच वाटला नव्हता. लहानपणापासून चपातीचा घास घेतला की तिचे ओठ खाजायचे. "तिला गहू मानवत नाही," एवढ्यावर विषय संपायचा. होळीला सगळ्यांच्या पानात पुरणपोळी आणि तिच्या पानात भाकरीबरोबर नुसतं पुरण, याची घराला सवय झाली होती.

गहू ताटातून गेला, पण घरातून गेला नव्हता. सासूनं १९७२चा दुष्काळ अंगावर काढला होता. दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी भाजल्या होत्या. त्या बाईच्या हातून गव्हाचा दाणा वाया जाणं शक्य नव्हतं. रेशनचा गहू चाळला, पाखडला की फुटका आणि सोंड्यांनी पोखरलेला दाणा ती कोंबड्यांसाठी डब्यात भरून ठेवायची. तो डबा रोज संध्याकाळी सुनेच्या हाती यायचा. तिला शिंका यायच्या, मनगटावर गांधी उठायच्या. पिसांनी होत असेल, असं सगळेच म्हणायचे.

होळीच्या आदल्या संध्याकाळी डबा काठोकाठ भरला होता. सुनेनं तो बंद पडवीत सुपात पालथा केला. पोखरलेल्या दाण्यांचं पीठ ढगासारखं उठलं. तांबडी दाराशी उभी होतीच. तिला दाणे देता देता सुनेचा चेहरा सुजला, अंगभर गांधी आल्या, छातीत शिट्टी वाजायला लागली. नवऱ्यानं शेजारची जीप काढली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहताक्षणी मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. असा झटका ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकतो, म्हणून रात्रभर तिला तिथंच ठेवलं.

इकडं घरात सासू, झोपलेली नात आणि दारात तांबडी. सासूनं हात पुढं केला, तांबडीनं बघितलंसुद्धा नाही. खुराड्यात ढकलली तर आकांत करून बाहेर आली. रानमांजराची भीती होती. अखेर सासूनं तिला घरात घेऊन डालग्याखाली झाकली, वर पाटा ठेवला आणि भिंतीला टेकून शेजारी बसली. पहाटे लेकाचा फोन येईपर्यंत ती बसूनच होती.

आणि दुसऱ्या दिवशी, "या कोंबडीपायी झालं सगळं, इकून टाका," असं पहिल्यांदा म्हणाली तीही तीच. घरात कुणी विरोध केला नाही. हातात कोंबडी असताना झटका आला, हे सगळ्यांना दिसलं होतं. पीठ कुणाला दिसलं नव्हतं. आठवडी बाजाराला पाय बांधून तिनं स्वतः तांबडीला नेलं आणि उन्हं कलताना तशीच परत आणली. भाव पडलाय, म्हणाली.

पुढं शहरातल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी सुनेच्या हातावर निरनिराळे थेंब टाकून सुईनं टोचलं. १५-२० मिनिटांत निकाल दिसला. पिसांच्या थेंबाची जागा सपाट राहिली, गव्हाच्या थेंबाखाली टपोरी गांध आली. गव्हाची अ‍ॅलर्जी नुसती खाण्यातून बाधते असं नाही, श्वासातून गेलेलं पीठही पुरतं. बेकरीत काम करणाऱ्यांना होणारा दमा याच जातीचा. अंड्यांचं काय, असं नवऱ्यानं विचारलं. गव्हातली प्रथिनं कोंबडीच्या पोटात पचून मोडतात, अंडी खुशाल खा, असं उत्तर मिळालं. घात अंड्यात नव्हता, डब्यात होता.

सासू त्यावर काही बोलली नाही. घरी येऊन तिनं गव्हाची चाळण, सूप आणि तो डबा शेजारणीला देऊन टाकला. कोंबड्यांना ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा आणि तांदळाची कणी सुरू झाली. तालुक्याहून आणलेल्या खाद्याच्या पोत्यात गव्हाचा कोंडा निघाला, तेव्हा तिनं लेकाला ते पोतं उंबऱ्याच्या आत आणू दिलं नाही. गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचं पीठ मागून दळलेल्या ज्वारीत उतरतं. म्हणून ती गिरणी उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसायला लागली. पहिलं दळण आपलं, यावरून तिची गिरणीवाल्याशी भांडणं झाली. गुडघे दुखत असतानाही ते काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. वर्षानुवर्षं टिकवलेला पुरणपोळीचा मानही तिनं मोडला. होळीला घरात पुरणाबरोबर सगळ्यांनाच भाकरी वाढली जाऊ लागली.

तांबडी त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवटी तिला नीट दिसत नव्हतं, अंडी कधीच थांबली होती. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती खुराड्यातून बाहेर आली नाही. लेकानं बांधावर खड्डा घेतला. त्या रात्री जेवताना, आता थोरली झालेल्या नातीनं विचारलं, "आजे, तवा बाजारात हिला खरंच कुणी गिऱ्हाईक आलं न्हवतं?"

"आलं हुतं की. मागितलं त्येवढं द्यायला तयार हुतं."

"मग?"

"मग काय? तुझी आय दवाखान्यातनं आली, धड बोलता येत न्हवतं, तर पयलं इचारलं, तांबडीनं दाना खाल्ला का म्हनून. घरी जाऊन तिला काय सांगायचं हुतं मी?"

सुनेचा हात भाकरीवर थांबला. "आत्ती, तुम्ही तर म्हणाला होता भाव पडलाय."

"म्हनलं असंल," सासू म्हणाली आणि तिनं कालवणाची वाटी पुढं ओढली.