नातवाचा साप आणि आजोबांची प्रकृती

नातवाने साप पाळण्याचा हट्ट धरला, तर घरातील ज्येष्ठांनी काय करावे? वाचकहो, हा प्रश्न आपणांस दूरचा वाटेल; परंतु ज्यांची मुले परदेशी स्थायिक आहेत, त्यांच्या दारी तो केव्हाही येऊन उभा राहू शकतो. ह्यूस्टनला लेकीच्या घरी राहत असताना तो आमच्या दारी आला. चौदा वर्षांच्या नातवाला रंगीत, बऱ्यापैकी मोठा, पण बिनविषारी साप हवा होता. आणि त्याच घरात माझ्या यजमानांचे केमोथेरपीचे उपचार चालू होते.

आपल्याकडे हा प्रश्न कायदाच सोडवतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार धामण, अजगर यांसारखे देशी साप पाळणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र बंदिवासात जन्मलेले अनेक बिनविषारी साप रीतसर विकत मिळतात. नियम तेवढे राज्यागणिक बदलतात.

नातवाचे मन प्रथम ब्राझीलच्या ‘रेनबो बोआ’वर जडले. पाच-सहा फूट लांबीच्या या तांबूस सापावर उजेड पडला की खवल्यांवर इंद्रधनुष्य उमटते. परंतु त्याच्या पेटीतील हवा सतत दमट राखावी लागते आणि तो वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. दुसरा पर्याय ‘कॉर्न स्नेक’चा. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे डाग, लांबी साधारण तीन ते पाच फूट, स्वभाव शांत, निगा तुलनेने सोपी. आयुष्य मात्र त्याचेही पंधरा-वीस वर्षांचे. आजोबांनी नातवाला एवढेच विचारले, ‘‘चार वर्षांनी तू कॉलेजला गेलास, की याला कोण सांभाळणार?’’ बोआची निगा राखणे लेकीला झेपणारे नव्हते. कॉर्न स्नेकची जबाबदारी घ्यायला ती तयार झाली. निवड तिथेच ठरली.

खरी अडचण विषाची नव्हती, जंतूंची होती. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या आतड्यांतही साल्मोनेला जंतू असू शकतात. ते विष्ठेतून त्याच्या त्वचेवर, पेटीत आणि पाण्यात पसरतात. पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील ज्येष्ठ आणि प्रतिकारशक्ती घटलेले रुग्ण यांना हा संसर्ग गंभीर ठरू शकतो. म्हणून अशा घरांत सरपटणारे प्राणी न ठेवण्याचा सल्ला दिला जातो. आपल्या दिवाणखान्यात हौसेने ठेवलेल्या कासवालाही हेच लागू आहे, हे ध्यानी असू द्यावे.

नातवाला खरे कारण सांगू नये, असे लेकीला वाटत होते. त्याच्या मनात आजोबांविषयी अढी बसेल, ही तिची भीती. इकडे यजमान आपण घराला ओझे झालो म्हणून गप्प गप्प राहू लागले. अखेर एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच नातवाला जवळ बसवून सारे सांगितले. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, ‘‘मग तुमची ट्रीटमेंट संपेपर्यंत आपण त्याची पेटी बनवू या, आजोबा.’’ आता एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा आणि वर घट्ट झाकण, अशी पेटी दोघे मिळून तयार करत आहेत. साप येईल तो डॉक्टरांनी संमती दिल्यावरच.

आपल्या घरी असा प्रसंग आला, तर रंग पाहण्यापूर्वी घरातील माणसांच्या प्रकृती पाहा. रुग्णाच्या डॉक्टरांना आधी विचारा. साप घरात आलाच, तर तो स्वयंपाकघरापासून दूर राहू द्या. त्याची भांडी तेथील सिंकमध्ये धुऊ नका. त्याचे खाद्य असलेले गोठवलेले उंदीर आपल्या अन्नाजवळ ठेवू नका. प्रत्येक स्पर्शानंतर साबणाने हात धुणे अनिवार्य समजा, आणि ज्येष्ठांनी तो काचेपलीकडूनच पाहावा. मुलांना नकार किंवा विलंब सांगताना मात्र कारण लपवू नका. आजाऱ्यासाठी थांबणे त्यांना जमते. का थांबायचे, हे त्यांना ठाऊक असावे लागते.