टपावरची जागा

केबिनच्या टपावर झोपायला मिळावं, म्हणून मी बाबांच्या ट्रकवर जायचो. दिवाळीच्या सुट्टीत संत्र्याचा आंबिया बहार ऐन भरात असायचा आणि काटोलकडचा माल भरून ट्रक नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागायचा. कामठी, कन्हान, मनसर, देवलापार. देवलापारच्या ढाब्यावर गाडी लागली की बाबा खाली बाजेवर आडवे व्हायचे आणि मी न् क्लीनर टपावर चढायचो. टपाला तीन बाजूंनी लाकडी कठडा होता. त्यात गोधडी पसरली की बिछाना तयार. खाली केबिनमध्ये इंजिनाची धग तासन् तास जात नसे, वर मात्र पेंचच्या जंगलाकडून गार वारा यायचा. दव पडायला लागलं की ताडपत्रीचं टोक अंगावर ओढून घ्यायचं.

आता आम्ही दोघं नवराबायको घर भाड्यानं देऊन कायमचं गाडीतच राहायला निघालोय. गाडी कोणती, यावर वर्षभर घरात दुसरा विषय नाही. शेवटी पिकअपवर बसवलेलं, छत वर उचललं जाणारं घर घ्यायचं ठरलं. त्याचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं बोट आधी पलंगावर गेलं. तो थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर होता, टपावर.

ज्यांनी अशी गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकअपच्या हौद्यात एक बुटकी खोली बसते. तिचा पुढचा भाग केबिनवर छज्ज्यासारखा येतो, त्यात गादी. गाडी चालताना छत खाली दाबून चार कड्यांनी बंद केलेलं असतं. मुक्कामाला कड्या सोडायच्या, छत वर लोटायचं, की भिंतींचा वरचा भाग जाड कापडाचा निघतो आणि आत ताठ उभं राहता येतं. कापडाला तिन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या असतात. जर्मनीत वेस्टफालिया कंपनी १९५१ पासून फोक्सवॅगनच्या गाड्यांमध्ये राहण्याची सोय बसवू लागली, पुढे त्या गाड्यांची छतंही उघडू लागली. पिकअपवरची ही जात अमेरिकेत वाढली.

पण मला ही रचना परकी वाटली नाही. आजोबांची दमणी आठवते मला. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला रामटेकला जाताना ती निघायची. बांबूच्या तट्ट्याचं कमानदार छप्पर, आत तणस आणि त्यावर सतरंजी. त्यात उभं राहता येत नसे आणि कुणाला राहायचंही नसे. आत बायका, लेकरं आणि पिठाचा डबा, बाकी सगळा संसार खाली उतरवायचा. तीन दगडांची चूल बाहेर, बैल बाहेर, गप्पा बाहेर. १८६७ साली रेल्वे नागपुरात आली, त्याच्या आधी मीठ आणि धान्य पाठीवर लादलेल्या बैलांचे बंजाऱ्यांचे तांडे याच मुलखातून जात. ती माणसं पिढ्यान् पिढ्या वाटेवर जगली, पण सोबत छप्पर नेलं ते फक्त पालापुरतं. वाटेवरच्या माणसाला छप्पर बेतानंच लागतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागलेलं नाही.

तरी आज बाजारात मिळतं ते उलटंच. ट्रॅव्हलरसारख्या उंच गाडीत एसी, टीव्ही, सोफा, बाथरूम असं सगळं कोंबून तिला चाकांवरचं घर म्हणतात. चार दिवसांच्या सहलीला ती चांगलीच आहे. कायम राहायचं तर नाही. उंच गाडी गावाच्या आत जात नाही. आडव्या आलेल्या चिंचेच्या फांद्या, लग्नाच्या कमानी, लोंबणाऱ्या तारा. आणि नागपुरातच लोहापुलाखालून काढायची म्हटलं तरी जीव टांगणीला लागावा. छत मिटलेली पिकअप सात-साडेसात फुटांत बसते. वाऱ्याला कमी अडते, वळणावर कमी झुलते.

खरा प्रश्न उन्हाचा. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि मला भेटलेल्या बहुतेकांनी सांगितलं की कापडाच्या भिंती इथे चालायच्या नाहीत, जाड बंद भिंती आणि एसी घ्या. मी बाबांची संत्री डोळ्यांसमोर आणली. माल भरताना खाली तणस, पेट्यांच्या मधून हवेला वाट, आणि वर ताडपत्री अशी बांधायची की ऊन अडेल पण बाजूनं वारा शिरेल. घट्ट झाकलेला माल आपल्याच उबेनं सडतो. त्या ट्रकमध्ये मालाची एवढी काळजी होती; बाबांच्या स्वतःच्या केबिनची मात्र कुणालाच नव्हती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. ती बातमी वाचली तेव्हा बाबांचा ओल्या गमछ्यानं झाकलेला मान-खांदा आठवला आणि बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

एसीचा हिशेब मांडून पाहिला. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी अडीच युनिट वीज देते. लहानसा एसीसुद्धा तासाला पाऊण युनिट खातो, म्हणजे तीन-साडेतीन तासांत बॅटरी रिकामी. याउलट आपला कूलर. त्याचा पंप आणि पंखा मिळून पन्नास वॅटच्या आसपास, म्हणजे रात्रभराला अर्धं युनिट. विदर्भातली उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून वाळ्याचा कूलर इथे जितका गार करतो तितका मुंबईत करणार नाही. आणि कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. कोंडलेल्या खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. जाळीच्या खिडक्यांचं कापडी छप्पर कूलरसाठीच बेतल्यासारखं आहे. कूलरला पाणी लागतं, रात्रीला वीस-पंचवीस लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून टाकी साठ लिटरची आणि जड फर्निचरला फाटा. दुपारी मात्र गाडीत राहायचंच नाही, झाडाखाली राहायचं. आणि मेचा दुसरा पंधरवडा अकराशे मीटरवरच्या चिखलदऱ्याला.

पावसाळ्याची काळजी वेगळी. कापड ओलं असताना छत मिटलं तर बुरशी धरते. "ओली ताडपत्री घडी नको करू बापू, सडते ते," हे बाबांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ती सवय हातालाच लागली आहे. पहाटे निघायचं असेल आणि पाऊस असेल तर पुढचं गाव आलं की आधी छत उघडून वारा लागू द्यायचा, मग चहा.

कागदांचं काम लवकर सांगून मोकळा होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, गल्लीतल्या गॅरेजात गाडीचा सांगाडा बदलून घेणं अंगाशी येऊ शकतं. मालवाहू नोंदणीच्या हौद्यात माणसांनी राहणं हेही कागदावर बसत नाही. कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानक आहे. त्यात बसण्याची जागा आणि टेबल, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामानाची सोय लागते. त्या मानकाची मान्यता घेऊन काम करणाऱ्याकडेच जायचं आणि आरसीवर तशी नोंद करून घ्यायची. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे निदान हा शब्द सरकारी टेबलावर अनोळखी राहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र या तयारीत मनातून जात नाही. नागपूरच्या रस्त्याकडेला गाडी लोहारांच्या नक्षीच्या गाड्या उभ्या दिसतात. त्या माणसांनीही आयुष्य चाकांवरच काढलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं किती भटक्यांना जन्मतःच चोर ठरवलं, आणि तो कायदा १९५२ मध्ये गेल्यावरही संशय गेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावानं मारले. पाचही जण पोट भरायला वाटेवर निघालेले. आमच्याकडे पेन्शन आहे, पत्ता आहे, आरसी आहे. गावकरी आमची गाडी कौतुकानं पाहायला येतील. भटक्यांच्या पालाकडे तसं कुणी पाहत नाही. कुठल्याही गावाबाहेर थांबण्याआधी पोलीस पाटलाला भेटून यायचं, असं आम्ही ठरवलंय. आणि शेजारी कुणाचं पाल असेल तर पहिला चहा तिथे.

आता एवढंच राहिलंय की टपावरचा पलंग गाडीच्या रुंदीत आडवा ठेवायचा की लांबीत उभा. आडवा ठेवला तर छज्जा आखूड होतो, पुढच्या चाकांवर भार कमी येतो, पैसेही वाचतात. पण आतल्या माणसाला रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं. "अहो, तुमचे गुडघे आणि माझी कंबर, ओलांडाओलांडी कोण करणार?" ही म्हणाली. उभा पलंग करायचा तर छज्जा दीड-दोन फूट पुढे येतो, मग गाडीही मोठ्या हौद्याची, सिंगल केबिनची लागते. वजनाचा नवा तक्ता मांडला. गॅसची पाच किलोची टाकी, बॅटरी मागच्या चाकांच्या वर, पुस्तकांची एकच पेटी. जुळतंय. पलंग उभाच करायला सांगितलाय.