अकोल्याच्या नऊ फेऱ्या

अमरावतीच्या माणसाने अकोल्याला जावे ते लग्नाला, नाही तर मयतीला. मी मात्र गेल्या वर्षी नऊ वेळा अकोल्याला गेलो तो एका यंत्रापायी. त्यातल्या सहा वेळा माझ्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेले अठरा किलोचे धूड असे. शेजारचा उतारू मोठ्या कुतूहलाने विचारी, "काय आहे जी हे?" मी सांगे, "हेडस्टॉक." मग तो बिचारा जरा पलीकडे सरकून बसे.

त्याचे असे झाले. 34 वर्षे शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झालो. सारा जन्म फळ्यावर खडूची वर्तुळे काढण्यात गेला. आता म्हातारपणी लाकडाची वर्तुळे काढावी, अशी फार दिवसांची हौस होती. त्यात नातवाला मी शब्द देऊन बसलो होतो. पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगायला हवे की, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरे चाकांवरचा लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. नंदी सुताराने करून दिला होता. "चाके मी करीन," असे मी चारचौघांत सांगितले होते.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास अकोल्याच्या एका दुकानातून लाकूड कातण्याचे छोटे लेथ मशीन आणले. किंमत 28,000 रुपये. दुकानदार मोठा गोड माणूस. "गुरुजी, बिलाशिवाय घेतले तर कर वाचेल," तो म्हणाला. मी मोहात पडणार, इतक्यात ही म्हणाली, "बिल घ्या. मशीनचा नंबर घालून घ्या." हिच्या या एका वाक्याची किंमत मला पुढे कळली.

तीन आठवडे मशीन छान चालले. मग हेडस्टॉकमधून गुरगुर ऐकू येऊ लागली. लाकूड धरले की पटाशी थडथडे. चाकावर गव्हाच्या शेवयांसारख्या लाटा उठत. मी दुकानात फोन केला. "कंपनीचा माणूस येईल." कंपनीला फोन केला. "दुकानदाराशी बोला." दुकानदार म्हणाला, "तेवढा हेडस्टॉक सोडवून घेऊन या." आणि अशा रीतीने माझे पर्यटन सुरू झाले.

बडनेऱ्याहून सावकाश गाडी धरली की कुरुम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव अशी स्टेशने माळेतल्या मण्यांसारखी येतात. दोन्ही बाजूंना काळी कुळकुळीत जमीन. जेठात ती भेगाळलेली पाहिली, आषाढात तिच्यावर पऱ्हाटी आणि तुरीच्या हिरव्या रेघा उमटलेल्या पाहिल्या. यंत्र चांगले निघाले असते, तर हे सारे पाहायचे राहूनच गेले असते! पण या प्रवासात माझे मन खरे रेंगाळे ते मूर्तिजापूरला. इथून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी आमची लाडकी शकुंतला धावे. ती अरुंद रुळांची गाडी आता बंद आहे. तिचे वाफेचे इंजिन 1921 साली मँचेस्टरला घडले, 1923 पासून ते इथे राबले आणि 1994 साली निवृत्त झाले. सत्तर वर्षे! त्याला वॉरंटी किती होती कोण जाणे. पण त्याचे कान पिळणारी, सांध्यांना तेल घालणारी माणसे इथे हाताशी होती. माझ्या पायाशी असलेले धूड तीन आठवड्यांत म्हातारे झाले होते आणि त्याला विचारायला कोणी येत नव्हते.

रस्त्याचे म्हणाल, तर अमरावती-अकोला महामार्गाने 2022 च्या जूनमध्ये जगात नाव काढले. 75 किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस बुकात विक्रम नोंदवला गेला. म्हणजे पाच दिवसांच्या आत रस्ता झाला. त्या रस्त्यावरून कंपनीचा माणूस यायला किती महिने लागावेत, याचे गणित मला आजवर सुटलेले नाही.

चौथ्या फेरीत दुकानदाराने हेडस्टॉक "कंपनीकडे पाठवला" आणि पाचव्या फेरीत "दुरुस्त होऊन आला" म्हणून परत दिला. गोणपाटाला मी मारलेली सुतळीची गाठ जशीच्या तशी होती.

वैतागून मी दुकानाबाहेर पडलो. कोणी तरी एका मिस्त्रीचा पत्ता सांगितला. पाठीमागच्या गल्लीत पत्र्याची टपरी. आत जिनिंगच्या रोलरची कामे. कपाशीपासून सरकी आणि रुई वेगळी करणारा तो रोलर म्हणजे लोखंडी दांड्यावर चामड्याच्या चकत्या घट्ट आवळून केलेला दंडगोल. झिजला की तो लेथवर कातून सरळ करायचा, त्यावर पुन्हा खाचा पाडायच्या. हंगामात जिन थांबला की मालक अर्ध्या रात्री दार ठोठावतो आणि मिस्त्री उठतो. तिथे "तक्रार नोंदवली आहे" असे उत्तर चालत नाही.

मिस्त्रींनी मोटर लावून हेडस्टॉक फिरवला, त्यावर डायल टेकवला आणि काट्याकडे पाहत म्हणाले, "गुरुजी, हे मशीन तुम्हाले केव्हाचं सांगून राह्यलं, तुम्ही आयकून नाही राह्यले. बेअरिंगचं घरच मोठं केलं त्यायनं. बेअरिंग बसलंच नाही, घरातच फिरून राह्यलं."

"मग?"

"मंग काय? अर्ध्या घंट्यात बसवून देतो. पन आंधी घरी इचारा. एकदा का मी हे खोललं, का कंपनीवाले म्हनतीन, तुम्हीच बिघडवलं."

तान्हा पोळा बारा दिवसांवर आला होता. मी हिला फोन केला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "खोलू नका. आज खोललं, तर पैसे गेले ते गेलेच." मिस्त्रींनी काट्याचे माप एका कागदावर लिहून सही करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी हेडस्टॉक तसाच परत आणला. त्या वर्षी नातवाचा नंदी बिनचाकाचा, घरातल्या पाटावर बसून ओढत निघाला. बोजारा मिळाला; पण घरी आल्यावर नातू माझ्याशी बोलला नाही. राजकमल चौकातला गिला वडा आणून दिला, तोही त्याने खाल्ला नाही.

मग मात्र मी खडू हातात घेतला. कंपनीला आणि दुकानदाराला रीतसर नोटीस धाडली. उत्तर आले: बिलाच्या तळाशी छापल्याप्रमाणे एकदा विकलेला माल परत घेतला जात नाही, वाद फक्त आमच्या शहराच्या न्यायालयात चालेल, शिवाय तुम्ही यंत्रावर धंदा करता, सबब ग्राहक नव्हे. धंदा! माझी सारी उलाढाल म्हणजे शेजारी फुकट वाटलेली तीन लाटणी.

पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. त्या परंपरेतल्या एका वृद्ध कार्यकर्त्याने मला समोर बसवून धडा दिला. ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा 1986 साली झाला. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे अकोल्याचा माल आणि परगावची कंपनी असली, तरी अमरावतीच्या आयोगात जाता येते; बिलावर काही छापले असो. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. स्वतःच्या वापरासाठी घेतलेले यंत्र हे ग्राहकाचेच, आणि कोणी पोटापाण्यासाठी स्वतः त्यावर राबत असला, तरी तोही ग्राहकच. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील लागतोच असे नाही. दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवे. "बिल आहे ना?" त्याने विचारले. मी हिच्याकडे पाहिले. तिने आतून बिल आणले; त्याला टाचणीने नऊ फेऱ्यांची तिकिटे लावलेली होती.

दिवाळीनंतर तक्रार दाखल केली. सोबत बिल, वॉरंटीचे कार्ड, पत्रे आणि मिस्त्रींचा कागद. आयोगाची नोटीस गेली. पहिली तारीख झाली. दुसऱ्या तारखेपूर्वी, होळीच्या सुमारास, त्याच विक्रमी रस्त्याने एक जीप आली. तिच्यातून उतरलेल्या तरुणाने नवा हेडस्टॉक बसवला, तासभर चालवून दाखवला आणि प्रवासखर्चाचा चेक दिला. पोरगा सालस होता. चहा पिताना म्हणाला, "आजोबा, सहा जिल्ह्यांना मी एकटाच आहे हो." त्याच्यावर काय रागवायचे? तडजोडीचा कागद आयोगापुढे ठेवून मी तक्रार मिटवली.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला नंदीला सागवानी चाके लागली. नातू आता वर्षाने मोठा झाला आहे. तरी गल्ली संपेपर्यंत त्याने दोरी कोणाच्या हाती दिली नाही.

त्यानंतर मी दहाव्यांदा अकोल्याला गेलो. या खेपेस गोणपाट नव्हते, पिशवीत शिसवी लाटणे होते. मिस्त्रींनी हात पुसले, लाटणे सपाट लोखंडी पाटावर ठेवून हलकेच फिरवले आणि खाली वाकून उजेडाची फट पाहिली.

"गुरुजी," ते म्हणाले, "मधात थोडं जाड हाय."

मी ते परत मागितले. त्यांनी दिले नाही.