बावीस सेक्टरमधला तास

वीसेक वर्षांपूर्वी चंदीगडच्या सेक्टर २२मध्ये मुक्कामाला असताना शेजारच्या एका शिक्षकांनी मला नववीच्या वर्गासमोर उभे केले. विषय आधुनिक जगाचा इतिहास. मी साहित्याचा माणूस. तरी १७८९, १९१७, १९३९ अशा पायऱ्या ऐटीत उतरलो. मुले निमूटपणे लिहून घेत होती. अखेर एका मुलीने विचारले, “सर, यात आम्ही कुठे आहोत?”

मी गडबडलो. खिडकीबाहेर विटांची घरे दिसत होती. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणालो, “१९४७ साली लाहोर पाकिस्तानात गेले, म्हणून पंजाबला नवी राजधानी लागली. १९५१मध्ये ल कॉर्बुझिए यांनी तिचा आराखडा हाती घेतला. हा सेक्टर प्रामुख्याने इंग्लंडच्या जेन ड्रू यांनी रचला.”

मुलगी म्हणाली, “माझी आजी जन्मसाल सांगत नाही. लाहोर सुटले तेव्हा मी सात वर्षांची होते, एवढेच म्हणते.”

वर्गातल्या लेखण्या थांबल्या. कलाकृती तिच्या काळाच्या संदर्भात वाचावी, असे मी जन्मभर बजावत आलो. त्या दिवशी मात्र ज्या खोलीत उभा होतो, तिचाच संदर्भ विसरलो होतो.