टपालाने लढलेले अंतराळयुद्ध

अंतराळ जिंकायला लागते काय? चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि समोर हार न मानणारा कोणीतरी. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अवकाशात जाऊन आले आणि त्याच मे महिन्यात पुण्याच्या एका वाड्यात दोन चुलतभावांनी हा खेळ मांडला. थोरला पुण्याचा, धाकटा सुट्टीला आलेला इंदूरचा.

पानावर वीस वर्तुळे काढायची, ते ग्रह. नावे व्याध, रोहिणी, स्वाती, अगस्ती. (ही तर ताऱ्यांची नावे, असे आजोबांनी सांगून पाहिले, उपयोग झाला नाही.) वर्तुळातला आकडा म्हणजे तो ग्रह दर डावाला किती नवी याने बांधतो ते. चार चौकटींचे अंतर कापायला एक डाव. लढाईत यानाला यान वजा. ज्याची उरतील त्याचा ग्रह. बरोबरी झाली तर जुना मालक कायम. खरी गंमत मात्र एकाच नियमात होती. दोघांनी आपापले हुकूम हाताने झाकून लिहायचे आणि कागद एकदम उघडायचे. बुद्धिबळात समोरच्याची खेळी पाहून उत्तर देता येते, इथे ती ओळखावी लागते.

मुलांना ठाऊक नव्हते, पण युक्ती जुनीच. अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकनाच्या १९५९ सालच्या ‘डिप्लोमसी’ खेळात असेच गुप्त हुकूम लिहितात. १९७६ मध्ये निघालेल्या रिक लूमिस यांच्या ‘स्टारवेब’मध्ये तर खेळाडू टपालाने ग्रह लढवत आणि हिशेब संगणक करी.

टपालाची वेळ या दोघांवरही आली, पण हौसेने नव्हे. वाड्याच्या वाटणीवरून दोघांच्या वडिलांचे बिनसले. १९८५ च्या सुट्टीत इंदूरची मंडळी आलीच नाहीत. मग नकाशाची एक प्रत इंदूरला गेली आणि अंतर्देशीय पत्रांवर डाव सुरू झाला. नियम एकच वाढला: दोघांनी एकाच सोमवारी पत्र टाकायचे. पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडणार, म्हणजे कोणाला कोणाचे दिसणार नाही. साक्षीला टपालाचा शिक्का!

नवव्या डावाला पुण्याच्या थोरल्याने रोहिणीवर १४ याने पाठवली. इंदूरचे उत्तर आठवडा उलटला तरी येईना. आले तेव्हा त्यावरचा शिक्का पाच दिवस उशिराचा होता. एव्हाना पुण्याचे हुकूम धाकट्याच्या हाती पडलेले असणार. म्हणजे लबाडी! ‘मोडून टाक डाव,’ असे शेजारच्या मित्रांनीही सांगितले. वडील तर म्हणाले, ‘बापाचेच गुण.’

थोरल्याने पत्र फोडले. धाकट्याने रोहिणीवरची सगळी ११ याने त्याच डावात अगस्तीकडे धाडली होती. रोहिणी मोकळी! पुण्याचे पत्र वाचलेला माणूस असला हुकूम कधी लिहील? पत्र एकदा उघडून भाताच्या शिताने पुन्हा चिकटवलेले होते, आणि खाली कोपऱ्यात काकूंच्या अक्षरात दोन ओळी होत्या. ‘आकडे बघून यांना वाड्याचा हिशेब वाटला. पत्र कपाटात ठेवले होते, आज मिळाले. मुलाचा दोष नाही.’

वर्षभरात दोन घरांमध्ये मोठ्यांकडून एवढाच काय तो मजकूर गेला. थोरल्याने ते पत्र आईला दाखवले. वडिलांना दाखवले की नाही, हे त्याने आजवर सांगितलेले नाही. रोहिणी मात्र त्याने घेतली. खेळात दयामाया नव्हती, हे बरेच झाले. ग्रह परत केला असता तर धाकटा नक्की चिडला असता. पुढच्या सोमवारच्या पत्रात हुकमांच्या वर त्याने लिहिले, ‘यापुढे शिक्का बघायचा नाही.’ काकूंसाठी खाली एक वेगळी ओळ आईने घातली.

वाडा १९९१ मध्ये विकला गेला. सह्या करायला दोघे भाऊ एकाच बाकावर बसले आणि चहाही एकत्र प्यायले. त्याआधीच तो डाव धाकट्याने जिंकला होता, अगस्तीच्या जोरावर.