खाच आरपार नव्हती

ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, दोन ट्रिमर शेजारी शेजारी ठेवले होते. काळा अ‍ॅनोडाइझ केलेला अ‍ॅल्युमिनियमचा गोल तुकडा, एका टोकाला ड्रिलमध्ये धरायचा दांडा, दुसऱ्या टोकाला पुंगळी घालायचं भोक, कडेला एक लांबट खाच आणि दोन ग्रब स्क्रू. कोणता खरा आणि कोणता नकली, हे दोन हात लांबून प्रस्तुत लेखकाला सांगता आलं नाही. (स्वतःला ‘प्रस्तुत लेखक’ म्हणवून घ्यायची हौस त्याला शाळेतल्या निबंधांपासूनची, ती इथे भागवून घेत आहे.) कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या टर्नरचा हा मुलगा, लेथच्या आवाजात अभ्यास केलेला. त्यामुळे ही कबुली जरा जिव्हारी लागणारी होती.

दुसरा ट्रिमर नेमबाजीच्या क्लबातल्या एका तरुण मुलाचा. त्याने तो ऑनलाइन मागवला होता, पहिल्याच्या एक तृतीयांश किमतीत. तक्रार एकच : “तुझ्याकडे हाच आहे ना? मग माझ्याच पुंगळ्या लांबीला कमीजास्त का होतात?”

हा उद्योग ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं. अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेले पुष्कळ लोक वापरलेली पितळी पुंगळी फेकत नाहीत. जुना प्रायमर, म्हणजे बुडाची ठिणगी देणारी टोपी, काढून नवा बसवायचा, तोलून दारू भरायची, वर नवी गोळी दाबायची, की काडतूस तयार. काडतुसात महाग काय, तर पितळ. आणि नीट सांभाळलं तर तेच पितळ अनेकदा चालतं. अडचण एवढीच, की बार उडाला की पुंगळी चेंबरच्या भिंतीला टेकेपर्यंत फुगते. तिला मापात आणायला डायमध्ये दाबावं लागतं, आणि दाबलं की पितळ मानेकडे सरकतं. पुंगळी वाढते. पोरांच्या उंचीसारखी, लक्षात न येता.

.२२३ रेमिंग्टनच्या पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच. कापून आणायची १.७५० वर. मधला फरक दहा थाउ, म्हणजे पाव मिलिमीटर. कमाल लांबी ओलांडली, तर पुंगळीचं तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद जागेत शिरतं, गोळीला चिमटा बसतो, ती वेळेवर सुटत नाही आणि आतला दाब भलताच चढतो. म्हणून ट्रिमर. तो करतो काय, तर पेन्सिलला टोक काढावं तसा तोंडाचं वाढलेलं पितळ खरवडतो. आमच्या जातीचा ट्रिमर माप घेतो ते पुंगळीच्या खांद्यावरून, म्हणजे अंग निमुळतं होत मानेला मिळतं त्या उतारावरून. खांदा आतल्या कडेवर टेकला की तिथून पुढचं सगळं कटरचं काम.

पहिला ट्रिमर लेखकाने कॅम्प पेरीला घेतला होता. लेक इरीच्या काठावरच्या या लष्करी तळावर १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात. २००, ३०० आणि ६०० यार्डांवरून मारा करणारी मंडळी देशभरातून येतात, आणि त्यांच्यामागून हत्यारं-अवजारं विकणारेही. जत्राच ती. ट्रिमर विकणारा माणूस तो स्वतःच बनवणारा होता. नखांत काळं तेल. तेवढ्यावर लेखकाने पाकीट काढलं; उद्यमनगरचे संस्कार.

तर, गॅरेज. शेजारी राहणारा निवृत्त टूलमेकर कॉफीचा मग घेऊन हजर झालाच होता. दोन्ही ट्रिमरांवर वीस-वीस पुंगळ्या कापायच्या, प्रत्येक मोजायची, असं ठरलं. पहिल्याचे आकडे कंटाळवाणे : १.७४९ ते १.७५१, विसाव्या पुंगळीपर्यंत. दुसऱ्याची सुरुवातही छान झाली. १.७५०, १.७५०, १.७५१. मग १.७५३. मग १.७५५. नववी १.७५७. पोरगं म्हणालं, स्क्रू सैल झाला असणार. म्हाताऱ्याने स्क्रू पाहिला, घट्ट होता. त्याने ट्रिमर उलटा करून मगच्या कडेवर दोनदा ठोकला, आतून पितळेचा चिमूटभर किस पडला. पुढची पुंगळी १.७५०.

मग विजेरी लावून आत पाहिलं आणि तिघेही एकदमच हसले. पहिल्या ट्रिमरच्या कडेची खाच आरपार होती. कटर फिरताना निघालेला किस तिच्यातून बाहेर उडतो. दुसऱ्याची खाच तीच, तेवढ्याच लांबीची, तशाच गोल टोकांची, पण अर्ध्या जाडीपर्यंतच कोरलेली. नक्षी म्हणून. किसाला वाट नव्हती. तो खांद्याच्या कडेवर साचत होता, पुंगळी त्यावर टेकून मागे राहत होती आणि दर वेळी थोडी लांब कापली जात होती.

“फोटोवरून केलंय,” म्हातारा म्हणाला. “वस्तू हातात घेतलेलीच नाही यांनी.”

लेखकाला संताप आला, आणि संतापात तो कायद्याकडे वळला. तिथे निराशाच. अमेरिकेत साध्या पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. पेटंट संपलं, किंवा कधी नव्हतंच, तर वस्तू सगळ्यांची. १९६४ मध्ये सिअर्स विरुद्ध स्टिफेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उभ्या दिव्याची नक्कल करणाऱ्या सिअर्सच्या बाजूने निकाल दिला, कारण स्टिफेलची पेटंटं रद्द ठरली होती. २००१ मधला ट्रॅफिक्सचा खटला तर वाचण्यासारखा आहे. रस्त्याकडेचे तात्पुरते फलक वाऱ्याने आडवे होऊ नयेत म्हणून खाली दोन स्प्रिंगा लावायची युक्ती होती. मूळ कंपनीचं पेटंट संपल्यावर प्रतिस्पर्ध्याने एक फलक परदेशी पाठवून चक्क नक्कल करून घेतली. मूळ कंपनी म्हणाली, स्प्रिंगांचं ते रूप ही आमची ओळख आहे. न्यायालय म्हणालं, स्प्रिंगा कामाच्या आहेत, आणि जे कामाचं ते ओळख म्हणून अडवून ठेवता येत नाही. नाव, शिक्का, खोटं लेबल चोरलं तर मात्र गोष्ट वेगळी.

म्हणजे गंमत अशी, की आरपार खाच उतरवणं हे कामाचं उतरवणं झालं असतं. इथे नक्कल करणाऱ्याने काम वगळून नुसतं रूप उचललं होतं.

म्हाताऱ्याला हा संताप फारसा पटला नाही. त्याने स्वतःच्या कपाटातून हाताने फिरवायचा जुना ट्रिमर आणला. खेळण्यातल्या लेथसारखा : एका बाजूला पुंगळी पकडणारा कॉलेट, दुसऱ्या बाजूला कटर आणि हँडल. इलिनॉयमधल्या लॅनार्कची फॉर्स्टर, कॅलिफोर्नियात सुरू झालेली आरसीबीएस, शिवाय लायमन, या सगळ्यांनी हा घाट विकलेला आहे. रंग खरवडला तर नवख्याला वेगळे ओळखता यायचे नाहीत. या धंद्यात रंगावरच ओळख. आरसीबीएस हिरवी, डिलन निळी, लायमन नारिंगी. लाल मात्र हॉर्नाडीही आणि लीही, तेव्हा तिथे बोट दाखवूनच मागावं लागतं.

“गोल वस्तूचं तोंड कापायचं तर यंत्र लेथसारखंच होणार,” म्हातारा म्हणाला. “तू कॅम्प पेरीत ज्याच्याकडून घेतलंस, त्याने तरी खांद्यावरून माप घ्यायची युक्ती शोधली का?” नव्हती शोधली. ती त्याच्या आधीची होती. लेखक गप्प बसला. तरीही त्याचं एक मत तेव्हाही होतं आणि आजही आहे : दुसऱ्याची वस्तू उघडून, ती तशी का आहे हे समजून घेऊन केलेली नक्कल आणि फोटो पाहून केलेली नक्कल, या दोहोंना एकाच शब्दाने हाक मारणं बरोबर नाही. पहिलीवर उद्यमनगर उभं आहे. बाहेरगावचं इंजिन उघडून ते बनवायला शिकलेल्या माणसांना लेखक लहानपणी काका म्हणत आला.

पोराचा ट्रिमर फेकला नाही. म्हाताऱ्याच्या छोट्या मिलिंग मशिनवर वीस मिनिटांत खाच आरपार झाली, आतले बर कानशीने काढले. पुन्हा वीस पुंगळ्या : १.७४८ ते १.७५२. पोरगं खूश. एक तृतीयांश किमतीत, अधिक म्हाताऱ्याची वीस मिनिटं, जी कुणीच हिशेबात धरली नाहीत.

रात्री कोल्हापूरला फोन लागला. आबांना, म्हणजे लेखकाच्या वडिलांना, नेमबाजी ठाऊक आहे ती कोल्हापूरच्याच नेमबाज तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसळे यांच्यामुळे. या दोघांच्या .२२ रायफलीच्या काडतुसात प्रायमर वेगळा नसतो, मसाला कडेतच भरलेला असतो. ते पुन्हा भरत नाहीत. त्यामुळे ट्रिमर ही भानगड आबांना नवीन. खाचेचा किस्सा ऐकून ते पोटभर हसले. मग म्हणाले, “अ‍ॅल्युमिनियमचाच हाय न्हवं? कार्बाइडची टिप आपल्याकडं मिळतीया. फोटो पाठव की. धा-वीस नग काढून बघू.”

“आबा, आपल्याकडं चालत नाही ते. १९५९ चा शस्त्र कायदा आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रंही येतात. परवान्याशिवाय हात लावता येणार नाही.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मागे कुठेतरी लेथ चालू होता.

“बरं, ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “त्या खांद्याचा अँगल किती हाय म्हणालास?”